सामायिक सर्व्हरवर गटांच्या साहाय्याने प्रवेशाधिकार मर्यादित कसे ठेवावेत? (सीए कार्यालय, उबुंटू आणि सांबा)

प्रश्न

नमस्कार. आमच्या सीए कार्यालयात भागीदार, पगारी कर्मचारी आणि आर्टिकल (सीएचे प्रशिक्षणार्थी) धरून पस्तीसच्या आसपास माणसे काम करतात. सर्व कागदपत्रे एका उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर आहेत आणि सांबा या फाइल सामायिक करणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत ती विंडोजच्या संगणकांवर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून दिसतात. ऑडिट, आयकर आणि जीएसटी असे तीन विभाग आहेत. त्याखेरीज भागीदारांचा एक फोल्डर आहे, ज्यात पगारपत्रके, भागीदारी करार आणि ग्राहकांशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार असतो.

ही मांडणी काही वर्षांपूर्वी बाहेरच्या एका पुरवठादाराने करून दिली. त्याने प्रत्येक फोल्डरवर व्यक्तीच्या नावाने परवानगी दिली होती. पुढे जसजशी माणसे येत गेली तसतशी नावांची भर पडत गेली आणि सोडून गेलेल्यांची नावे मात्र तशीच राहिली. आर्टिकलचे प्रशिक्षण आता दोन वर्षांचे असल्यामुळे आमच्याकडे माणसांची ये-जा सतत चालू असते. शिवाय त्या दोन वर्षांतही त्यांचा विभाग बदलतो. जीएसटीत काम करणारा मुलगा ऑडिटला गेला की त्याला ऑडिटचे फोल्डर उघडून दिले जातात, पण जीएसटीचे बंद केले जात नाहीत. परिणामी जो आर्टिकल सर्वांत जुना, त्याच्याकडे सर्वांत जास्त फोल्डर उघडे, अशी अवस्था आहे.

हे सर्व गटांवर आणायचे मी ठरवले आहे. चाचणीसाठी ऑडिट विभागाचा एक गट केला, त्यात माणसे घातली आणि फोल्डरची मालकी त्या गटाला दिली. तरीही दोन अडचणी येत आहेत. एकाने तयार केलेली एक्सेल फाइल दुसऱ्याला केवळ वाचता येते, त्यात बदल साठवता येत नाहीत. आणि काही फाइल्स ऑडिटच्या फोल्डरमध्ये असूनही त्यांचा गट वेगळाच दिसतो. एका परिचितांनी सर्व फोल्डरना ७७७, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या, देऊन टाकण्याचा सल्ला दिला. तो मला पटत नाही, कारण मग गट करण्याला अर्थच उरत नाही. नेमके कुठे चुकते आहे आणि अशा कार्यालयासाठी गटांची रचना कशी असावी, याचे मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर १

७७७ न देण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे. त्याने अडचण दिसेनाशी होते, पण सर्व्हरवर खाते असलेल्या प्रत्येकाला, अगदी एखाद्या सेवेसाठी आपोआप निर्माण झालेल्या खात्यालाही, ग्राहकांच्या कागदपत्रांत लिहिण्याची मुभा मिळते.

आधी तपासणीचा क्रम पाहू, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक आणि एक गट असतो, आणि मालक, गट व इतर अशा तीन पायऱ्यांवर वाचणे, लिहिणे आणि चालवणे या परवानग्या नोंदवलेल्या असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १, यांच्या बेरजेतून ६६० किंवा ७७० असे आकडे तयार होतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मात्र या तिन्ही पायऱ्यांची बेरीज करत नाही. तुम्ही मालक असाल तर केवळ मालकाची परवानगी पाहिली जाते. मालक नसाल पण गटात असाल तर केवळ गटाची. दोन्ही नसाल तरच इतरांची. त्यामुळे एखाद्या फाइलवर ६०४ असे असेल तर बाहेरच्या कोणालाही ती वाचता येते, परंतु गटातील सदस्याला वाचता येत नाही. हे विचित्र वाटले तरी नियमाला धरूनच आहे, आणि नुसते आकडे बदलून पाहणाऱ्यांना ते हमखास अडते.

आता तुमची दुसरी अडचण आधी घेतो. प्रत्येक वापरकर्त्याचा एक प्राथमिक गट असतो आणि त्याशिवाय तो कितीही पूरक गटांत असू शकतो. उबुंटूवर नवा वापरकर्ता केला की त्याच्याच नावाचा, त्याच्या एकट्याचा गट तयार होतो आणि तोच त्याचा प्राथमिक गट ठरतो. त्याने नवी फाइल तयार केली की तिला हा प्राथमिक गट लागतो, मग ती फाइल कोणत्याही फोल्डरमध्ये असो. यावर उपाय म्हणजे फोल्डरवर सेटजीआयडी ही खूण लावणे. फोल्डरची परवानगी ७७० ऐवजी २७७० केली की त्यात तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या फाइलला फोल्डरचाच गट मिळतो आणि आत तयार होणाऱ्या उपफोल्डरनाही ही खूण आपोआप लागते. आधीपासून असलेल्या फाइल्सवर तिचा परिणाम होत नाही. त्यांचा गट एकदा सीएचजीआरपी या आदेशाने खालपर्यंत बदलून घ्यावा लागेल. हे करताना फोल्डरना २७७० आणि फाइल्सना ६६० असे वेगवेगळे द्यावे. सरसकट एकच आकडा दिला तर एकतर फाइल्स विनाकारण चालवण्याजोग्या होतात किंवा फोल्डर उघडेनासे होतात.

एक गोष्ट सेटजीआयडीनेही सुटत नाही. त्याच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली तर ती नव्याने तयार होत नाही, केवळ तिचा मार्ग बदलतो. त्यामुळे ती आपला जुना गट आणि जुनी परवानगी घेऊनच येते. नक्कल केली तर मात्र नव्या जागेचा गट लागतो. ऑडिटच्या फोल्डरमध्ये भलत्याच गटाच्या फाइल्स दिसण्याचे हेही एक कारण असू शकते. कार्यालयातील सर्वांना हे लक्षात ठेवायला सांगणे व्यवहार्य नाही, म्हणून रोज रात्री फोल्डरचा गट न जुळणाऱ्या फाइल्स शोधून दुरुस्त करणारी एक छोटी स्क्रिप्ट मी अशा ठिकाणी आवर्जून ठेवतो.

पहिल्या अडचणीचे, म्हणजे फाइल केवळ वाचता येण्याचे कारण बहुधा सांबाच्या सेटिंगमध्ये आहे. सांबात नव्या फाइलसाठी क्रिएट मास्क (परवानगीची कमाल मर्यादा) मुळात ०७४४ असतो आणि फोल्डरसाठी डिरेक्टरी मास्क ०७५५. याचा अर्थ गटाला लिहिण्याची परवानगी तिथेच छाटली जाते, मग सर्व्हरवर तुम्ही काहीही ठरवलेले असो. संबंधित शेअरसाठी, म्हणजे नेटवर्कवर दिसणाऱ्या सामायिक फोल्डरसाठी, क्रिएट मास्क ०६६० आणि डिरेक्टरी मास्क २७७० करा, त्यासोबत फोर्स क्रिएट मोड आणि फोर्स डिरेक्टरी मोड हे दोन्हीही त्याच आकड्यांवर ठेवा. शेअरच्या व्हॅलिड यूजर्स या ओळीत व्यक्तींची नावे काढून गटाचे नाव ॲट चिन्ह लावून द्या. मग शेअर उघडण्याचा आणि फाइल लिहिण्याचा अधिकार एकाच गटावर येतो.

फाइलच्या पातळीवर परवानगी देण्याच्या भानगडीत मुळीच पडू नका. एक्सेल किंवा वर्ड एखादी फाइल साठवताना मूळ फाइलवर लिहीत नाही. ते शेजारी एक तात्पुरती फाइल तयार करते, तिच्यात सर्व मजकूर लिहिते आणि शेवटी तिचे नाव बदलून तिला मूळ फाइलच्या जागी बसवते. म्हणजे साठवण्याच्या प्रत्येक वेळी ती एक नवीन फाइल असते, जिचा मालक शेवटी साठवणारा माणूस असतो आणि जिची परवानगी फोल्डरकडून आलेली असते. तुम्ही हाताने दिलेली परवानगी पहिल्याच साठवणीत पुसली जाऊ शकते. म्हणून अधिकाराचा विचार नेहमी फोल्डरच्या पातळीवर करावा आणि ज्या कागदपत्रांचे वाचक वेगळे, त्यांचा फोल्डर वेगळा, एवढा एकच नियम पाळावा.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. मास्क बदलल्यावर एक्सेलची अडचण लगेच दूर झाली. आता पुढचा प्रश्न असा की, आयकर विभागाच्या फोल्डरमध्ये आयकर विभागाने लिहावे आणि ऑडिट विभागाने फक्त वाचावे, अशी आमची गरज आहे. फाइलला गट तर एकच असतो. मग हे कसे साधावे? दुसरे म्हणजे, चाचणीत एका वापरकर्त्याला गटातून काढल्यानंतरही त्याला बराच वेळ तो फोल्डर उघडता येत होता. तिसरे असे की, गटात असलेला कोणीही दुसऱ्याची फाइल पुसू शकतो. हे थांबवता येईल का?

उत्तर २

तिन्ही प्रश्नांना स्वतंत्र उत्तरे आहेत.

एका फोल्डरवर दोन गटांना दोन प्रकारचे अधिकार द्यायचे असतील तर एसीएल, म्हणजे परवानग्यांची जास्तीची यादी, वापरावी लागते. सेटएफएसीएल या आदेशाने आयकर विभागाच्या फोल्डरवर ऑडिट गटासाठी वाचण्याची नोंद जोडता येते. ही नोंद दोनदा करावी लागते: एकदा आत्ता असलेल्या फाइल्ससाठी आणि एकदा डिफॉल्ट म्हणून, जेणेकरून पुढे तयार होणाऱ्या फाइल्सनाही ती लागू होईल. डिफॉल्ट नोंद विसरली तर पहिले काही दिवस सर्व सुरळीत दिसते आणि मग नव्या फाइल्स ऑडिटवाल्यांना उघडत नाहीत अशा तक्रारी सुरू होतात.

एसीएल लावल्यानंतर एलएस या फाइल्स दाखवणाऱ्या आदेशाच्या लांब यादीत परवानगीच्या शेवटी अधिक चिन्ह दिसते, आणि इथे एक मोठा सापळा आहे. अशा फाइलवर मधले तीन अंश, जे एरवी गटाची परवानगी दाखवतात, ते आता मास्क दाखवतात. मास्क म्हणजे मालक आणि इतर वगळता बाकी सर्व नोंदींवरची कमाल मर्यादा. कोणी सवयीने परवानगी बदलणारा सीएचमॉड आदेश चालवून गटाची लिहिण्याची परवानगी काढली तर प्रत्यक्षात मास्क आक्रसतो आणि सर्वच गटांचे लिहिणे एकदम बंद होते. गेटएफएसीएलने पाहिल्यास नोंदी जागच्या जागी दिसतात, केवळ त्यांच्यासमोर प्रत्यक्ष लागू असलेली परवानगी कमी झालेली असते. म्हणून ज्या फोल्डरवर एसीएल आहे तिथे सीएचमॉड वापरू नये, बदल सेटएफएसीएलनेच करावेत. वरच्या उत्तरात सांगितलेला सांबाचा मास्कही या ठिकाणी तितकाच महत्त्वाचा आहे, कारण तो गटाचे लिहिणे छाटत असेल तर एसीएलचा मास्कही तसाच तयार होतो.

याच संदर्भात गटांचा एक मूलभूत स्वभाव लक्षात घ्यायला हवा. लिनक्सच्या एसीएलमध्ये एखादा माणूस दोन गटांत असेल आणि त्यांपैकी एका गटाच्या नोंदीने मागितलेली परवानगी मिळत असेल, तर दुसऱ्या गटाला ती नाही याने काही फरक पडत नाही. गट अधिकार वाढवतात, वजा करत नाहीत. ‘प्रतिबंधित’ नावाचा गट करून त्यात एखाद्याला टाकले की त्याचे बाकीचे अधिकार जातील, अशी अपेक्षा इथे पूर्ण होत नाही. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेत नाकारण्याची स्वतंत्र नोंद असते आणि ती सामान्यतः आधी तपासली जाते. परंतु फोल्डरवर थेट दिलेली मुभा ही वरून वारशाने आलेल्या नकाराच्या आधी येते, त्यामुळे तिथेही नकारावर विसंबलेली रचना काही काळाने कोणालाच समजेनाशी होते. अधिकार कमी करायचा असेल तर माणसाला गटातून काढणे हा एकच सरळ मार्ग आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गटांची यादी वापरकर्ता आत येतो त्या क्षणी वाचली जाते आणि त्याच्या चालू प्रक्रियांना चिकटते. नंतर तुम्ही यादी बदलली तरी त्या प्रक्रिया जुन्याच यादीवर चालत राहतात. सांबाचेही तसेच आहे. विंडोजचा संगणक सर्व्हरशी जोडलेला राहिला, तर त्या जोडणीला जुनेच सदस्यत्व लागू असते. गटातून काढल्यावर एसएमबीस्टेटस या आदेशाने त्या व्यक्तीची जोडणी शोधून ती बंद करावी, म्हणजे पुढच्या वेळी ती नव्या यादीसह उघडते. विंडोजच्या डोमेनमध्येही (एका केंद्रातून सांभाळलेल्या संगणकांच्या जाळ्यातही) सदस्यत्व लॉगिनच्या वेळी तयार होणाऱ्या टोकनमध्ये जाते. तिथेसुद्धा लॉग आउट करून पुन्हा आत यावे लागते.

माणूस कार्यालय सोडून जातो तेव्हा आणखी काळजी घ्यावी लागते. सांबा आपले पासवर्ड स्वतंत्रपणे ठेवतो. लिनक्सच्या खात्याचा पासवर्ड बंद केला म्हणून सांबाचे दार बंद होत नाही. एसएमबीपासवर्ड आदेशाला लहान डी हा पर्याय देऊन ते खाते वेगळे बंद करावे लागते. खाते पूर्णपणे पुसण्याची घाई करू नये. फाइलवर मालकाचे नाव लिहिलेले नसते, त्याचा क्रमांक असतो. खाते पुसल्यावर तो क्रमांक मोकळा होतो आणि पुढे तोच एखाद्या नव्या आर्टिकलला मिळाला तर जुन्या माणसाच्या सर्व फाइल्सचा तो मालक बनतो. म्हणून दोन्हीकडचे खाते बंद करावे, सर्व पूरक गटांतून काढावे आणि नुसता क्रमांक राखून ठेवावा.

गटात माणूस घालतानाही एक खबरदारी घ्यावी. यूजरमॉड आदेशात मोठा जी दिला की पूरक गटांची संपूर्ण यादी नव्याने लिहिली जाते. त्यासोबत लहान ए दिला नाही तर त्या माणसाचे आधीचे सर्व गट नाहीसे होतात, आणि तो माणूस प्रशासक असेल तर प्रशासकीय अधिकार देणाऱ्या सुडो गटातूनही बाहेर पडतो. विभागबदलाच्या वेळी मात्र हाच गुण उपयोगी पडतो. आर्टिकल जीएसटीतून ऑडिटला गेला की लहान ए न देता त्याच्या गटांची पूर्ण यादी जाणीवपूर्वक नव्याने लिहावी, म्हणजे जुना विभाग मागे राहण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरा प्रश्न पुसण्याचा. लिनक्समध्ये फाइल पुसण्याचा अधिकार फाइलवर नसून ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर असतो. फोल्डरमध्ये लिहिता येत असेल तर आतली दुसऱ्याची फाइलही पुसता येते. स्टिकी खुणेने, जी तात्पुरत्या फाइल्सच्या टीएमपी फोल्डरवर असते, ते थांबवता येते. तिथे फाइलचा मालक, फोल्डरचा मालक आणि रूट (सर्व अधिकार असलेले प्रशासक खाते) यांनाच फाइल पुसता किंवा हलवता येते. परंतु वर सांगितल्याप्रमाणे एक्सेल साठवताना जुनी फाइल हटवून नवी बसवते, त्यामुळे स्टिकी खूण लावल्यास सहकाऱ्याची फाइल सुधारून साठवणेच अशक्य होईल. ज्या फोल्डरमध्ये अनेकांनी एकाच फाइलवर काम करायचे आहे तिथे ती लावू नका. त्याऐवजी सांबाचे रिसायकल मोड्यूल चालू करा, ज्यात पुसलेली फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये जमा होते, आणि फुल ऑडिट मोड्यूलने कोणी कोणती फाइल पुसली किंवा नाव बदलले याची नोंद ठेवा.

रचनेबद्दल माझे मत असे आहे की गट दोन प्रकारचे असावेत. एक माणसाच्या कामावरून, जसे ऑडिट आर्टिकल, आयकर कर्मचारी, भागीदार. आणि दुसरे फोल्डरवरून, जसे आयकर वाचन, आयकर लेखन. परवानगी फोल्डरच्या गटाला द्यायची आणि कामाचा गट त्या गटात घालायचा. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे खाती आणि गट एका ठिकाणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, हीच पद्धत रूढ आहे: खाती ग्लोबल गटात, ग्लोबल गट डोमेन लोकल गटात, आणि परवानगी फक्त डोमेन लोकल गटाला. लिनक्सच्या स्थानिक गटांत एका गटात दुसरा गट घालता येत नाही. मात्र सांबा २०१२ साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून स्वतःच ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर (मुख्य सर्व्हर) म्हणून काम करू शकतो आणि मग ही सोय मिळते.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांतील तांत्रिक बाबींशी मी सहमत आहे, परंतु पस्तीस माणसांच्या कार्यालयाने केवळ दोन पातळ्यांच्या गटांसाठी डोमेन कंट्रोलर उभारावा, हे मला योग्य वाटत नाही. तो चालवायला कोणीतरी जाणकार सतत लागतो. तीन विभाग, भागीदार आणि लिपिक असे पाच गट आणि जिथे गरज आहे तिथे एसीएल, एवढ्यावर तुमचे काम चांगले भागेल. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा गट करण्याचा मोह पुढे कधीतरी होईल. लिनक्सच्या २.६.४ कर्नलपासून एका वापरकर्त्याला ६५,५३६ गटांपर्यंत घेता येतात, त्यामुळे यंत्राला त्याची अडचण नाही. अडचण ती यादी अद्ययावत ठेवणाऱ्या माणसाला आहे. (पुढे कधी एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइल्स देण्याची दुसरी पद्धत, वापरणार असाल तर तिथे नेहमीच्या ओळखपद्धतीत १६ पूरक गटच पोहोचतात, हेही ध्यानात असू द्या.) एकमेकांचे स्पर्धक असलेले दोन ग्राहक तुमच्याकडे असतील आणि त्यांची कामे वेगवेगळ्या चमूंकडे ठेवायची असतील, तर तेवढ्या फोल्डरपुरते स्वतंत्र गट अवश्य करा.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. सीए कार्यालयात गटाचा अधिकार केवळ माणसाप्रमाणे बदलत नाही, तो कामाच्या टप्प्याप्रमाणेही बदलला पाहिजे. एसए २३० या ऑडिटच्या मानकानुसार ऑडिटची अंतिम फाइल जुळवण्याचे काम अहवालाच्या तारखेपासून साधारणतः ६० दिवसांत पूर्ण करायचे असते आणि त्यानंतर ती जपण्याची मुदत संपेपर्यंत तिच्यातील कोणताही कागद काढायचा किंवा टाकून द्यायचा नसतो. ही मुदत सामान्यतः सात वर्षांपेक्षा कमी नसावी असे अपेक्षित असते. मग साठाव्या दिवसानंतरही संपूर्ण ऑडिट गटाला त्या फोल्डरमध्ये लिहिता का यावे? चालू कामे आणि पूर्ण झालेली कामे असे दोन वेगळे शेअर करा. पूर्ण झालेल्या कामांचा शेअर गटासाठी केवळ वाचण्याजोगा ठेवा आणि तिथे फाइल हलवण्याचा अधिकार एक-दोन व्यक्तींच्या वेगळ्या गटाला द्या. हलवल्यावर परवानगी जुनीच राहते हे पहिल्या उत्तरात आलेच आहे. म्हणून हलवल्यानंतर त्या फोल्डरच्या परवानग्या खालपर्यंत पुन्हा लावणे हा त्या कामाचाच भाग समजा. नंतर एखादा कागद जोडणे खरोखर आवश्यक ठरले तर तो कोणी, केव्हा आणि का जोडला याची नोंद ठेवावी लागते. ती ठेवणेही यामुळे सोपे जाते.

सर्व्हरवर आधीपासून असलेल्या गटांकडेही पाहा. सुडो गट सर्वांना माहीत असतो. परंतु डॉकर गटातील सदस्य एखादा कंटेनर (प्रोग्राम चालवण्याचे बंदिस्त वातावरण) चालवून त्यात सर्व्हरची संपूर्ण फाइलव्यवस्था जोडू शकतो, म्हणजे व्यवहारात तो रूटच असतो. डिस्क गटातील सदस्य तर फाइलच्या परवानग्यांना वळसा घालून थेट डिस्कवरचा मजकूर वाचू शकतो. पूर्वीच्या पुरवठादाराने सोयीसाठी कोणाला या गटांत घातले आहे का, हे आजच तपासा, कारण तसे असेल तर बाकी सर्व रचना त्या व्यक्तीपुरती निरर्थक आहे.

शेवटी, सदस्यांची यादी मंजूर करणे हे संगणक सांभाळणाऱ्याचे काम नसावे. कोणी कोणत्या विभागाचे कागद पाहावेत हे भागीदारांनी ठरवायचे असते. दर तिमाहीला पाचही गटांची यादी छापून संबंधित विभागाच्या भागीदाराची तिच्यावर सही घ्या. वैयक्तिक माहिती सुरक्षित राखण्यासाठी वाजवी उपाय योजण्याचे बंधन २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आयकराच्या फाइल्समध्ये पॅन, आधार आणि बँक खात्यांचे तपशील असतात. त्यामुळे हा विषय भागीदारांपुढे मांडताना तुम्हाला वेगळे कारण शोधावे लागणार नाही.

प्रश्नकर्ता

तिन्ही उत्तरांमुळे पुढची दिशा स्पष्ट झाली. पाच गट, दोन शेअर आणि आयकराच्या फोल्डरवर एसीएल, अशी मांडणी करत आहे. डॉकर गटात पुरवठादाराचे एक जुने खाते खरोखरच सापडले. ते बंद केले. एकच शंका उरते. भागीदारांचा फोल्डर मी स्वतः, रूट म्हणून, उघडू शकतो. भागीदारांनी याबद्दल विचारले तर त्यांना काय सांगावे?

उत्तर १ देणाऱ्यांकडून

खरे आहे तेच सांगावे. गटांच्या परवानग्या रूटला बांधत नाहीत, आणि बॅकअपच्या डिस्कवर गेलेल्या प्रतीलाही त्या बांधत नाहीत. ती डिस्क ज्याच्या हातात, तो ती दुसऱ्या यंत्राला जोडून सर्व वाचू शकतो. बॅकअप कूटबद्ध असणे म्हणूनच आवश्यक आहे. पगारपत्रके आणि भागीदारी करार यांसारखे मोजके कागद तुमच्याही नजरेपासून दूर ठेवायचे असतील तर ते भागीदारांच्या संगणकावरच कूटबद्ध करून मग सर्व्हरवर ठेवावेत. त्याची किल्ली किमान दोन भागीदारांकडे असावी, नाहीतर एका माणसाच्या गैरहजेरीत ते कागद कोणालाच उघडता येणार नाहीत. तुमचे रोजचे काम मात्र साध्या खात्यातूनच करा आणि सुडोचा वापर नोंदवहीत जाऊ द्या. त्या नोंदवहीची प्रत तुम्हाला बदलता येणार नाही अशा दुसऱ्या यंत्रावर पाठवण्याची व्यवस्था आरसिसलॉग या नोंदी पाठवणाऱ्या प्रोग्रामने सहज होते.